एकतीस खर्डे आणि एक आवाज

चौथीच्या बाईंना सव्वीस वर्षांत कोणी फसवू शकलं नव्हतं. प्रयत्न पुष्कळांनी केले. तळहातावर लिहून आणलेले पाढे, बुटाच्या तळाला चिकटवलेली व्याख्या, पुढच्या मुलाच्या पाठीवर खडूनं काढलेला नकाशा, सगळं बाईंनी जागच्या जागी पकडलं होतं. मुलं त्यांना पाठीमागे दुर्बीण म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पण आवडतं असं दाखवलं की मुलं नाव बदलतात, म्हणून वर्षातून एकदा त्या त्यावरून रागावून घेत.

अशा बाईंच्या वर्गातल्या एकतीसच्या एकतीस मुलांनी एकमेकांची नक्कल केली आहे, असं पत्र मंगळवारी सकाळी वरिष्ठ कार्यालयातून आलं.

हेडसरांनी ते उभं राहून वाचलं. कार्यालयाचं पत्र बसून वाचणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

"'सदर वर्गाच्या लेखनात सरासरी बेचाळीस टक्के साम्य आढळून आले आहे.' बेचाळीस टक्के, बाई!"

"कोणाला आढळलं?"

"प्रणालीला."

"मग तिला इकडे बोलवा. माझ्यासमोर सांगू दे."

"बाई, ही चेष्टेची वेळ नाही. पुढे ऐका. 'तीन दिवसांत खुलासा करावा. तो समाधानकारक न वाटल्यास वर्गास दिलेले एकतीस टॅब परत घेऊन अन्य गरजू शाळेस देण्यात येतील.'"

बाईंनी पत्र हातात घेऊन दोनदा वाचलं. मग कार्यालयाला फोन लावला. कोणती वाक्यं सारखी आहेत तेवढं सांगा, म्हणाल्या.

"ते इथे दिसत नाही मॅडम," पलीकडचा कारकून म्हणाला. "प्रणाली फक्त टक्के देते. वाक्यं तुम्ही शोधायची."

"म्हणजे चोरी झाली एवढंच तुम्ही सांगणार. काय चोरीला गेलं ते आम्ही बघायचं."

"हो," कारकून म्हणाला. त्याला त्यात काही गैर वाटलं नाही.

आता हे टॅब मुळात कसे आले, ते सांगायला हवं. पाच महिन्यांपूर्वी खोक्यांतून आले. त्यांच्याबरोबर एक तरुण प्रशिक्षक आला आणि दिवसभर बोलला. 'टॅब हा मुलांचा मित्र आहे' असं तो अकरा वेळा म्हणाला. बाईंनी वहीच्या कोपऱ्यात रेघा मारून मोजलं होतं. तो गेल्यावर बाईंनी एकतीसही मित्र कपाटात घालून कुलूप लावलं. तीन आठवडे मैत्री तशीच राहिली.

कुलूप निघालं ते दीडओळीमुळे.

दीडओळी ही भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावरची मुलगी. विषय कोणताही द्या, ती दीड ओळ लिहायची, पूर्णविराम द्यायची आणि हात बांधून बसायची. 'माझी शाळा मोठी आहे. तिला जिना.' बस्स. बरं, मुलगी मठ्ठ म्हणावी तर मधल्या सुट्टीत तिच्या तोंडाला टाळं नसायचं. तिच्याभोवती पाच-सहा जणी डबा हातात तसाच धरून ऐकत उभ्या असायच्या. अडचण पेन्सिलीची होती. हात पहिल्या शब्दावर घुटमळत असायचा तोवर डोकं गोष्टीच्या शेवटाला पोचून, कंटाळून, परत आलेलं असायचं.

एके दिवशी बाईंनी तिला जिन्याखाली बसवलं, एक टॅब हातात दिला आणि म्हणाल्या, "मला नको, ह्याला सांग. तुझे आजोबा घरी केस कापतात ना? कसे कापतात ते सांग. तू बोलशील ते हा लिहील."

पंधरा मिनिटांनी बाई जिन्याखाली वाकल्या तेव्हा दोन पानं झाली होती. सुट्टीच्या दिवशी आजोबा सगळ्या नातवंडांना ओळीनं बसवतात. सुरुवात मोठ्यापासून. पण नातवंडं लहान होत जातात तशी कात्री बोथट होत जाते आणि आजोबांची मान दुखायला लागते. त्यामुळे शेवटच्या डोक्याला काय झालं हे बघायचंही त्यांच्यात त्राण नसतं. 'आणि शेवटचं डोकं माझं आहे.'

मुलगी पडद्यावर बोट ठेवून आपलंच बोलणं वाचत होती.

"बाई, हे सगळं मी बोलले?"

"तूच की."

"मग मी इतक्या वेळा 'आणि मग' का म्हणते? हे बघा. इथे पण. इथे पण आहे!"

तिनं एकोणीस 'आणि मग' स्वतःच्या बोटानं उडवले. बाई बघत राहिल्या. 'लिहिलेलं परत वाचा' हे वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं पालथ्या घड्यावर ओतलं होतं. आज घडा आपणहून सुलटा झाला होता. त्या संध्याकाळी कपाटाची किल्ली बाईंनी नेहमीच्या खुंटीला लावली नाही, पर्समध्ये टाकली. ती आता रोज लागणार होती.

तेव्हापासून वर्गाची रीत ठरली. आधी बोला. मग बघा. मग जे तुमचं नाही, उगीच आलंय, दोनदा आलंय, ते काढा. आणि राहील ते वहीत स्वतःच्या हातानं लिहा. पहिल्या पायरीला वर्ग पांगायचा. तिघं जिन्याखाली, चौघं ओसरीत, काही बाकाखाली, एक जण खेळाच्या सामानाच्या कपाटात. प्रत्येक जण टॅब ओठांशी धरून कुजबुजायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एकतीस मुलं पावाच्या तुकड्यांना गुपितं सांगतायत.

बाई फक्त वह्या तपासत. कच्च्या खर्ड्यात त्या डोकावत नसत. खर्डा म्हणजे मुलांचं स्वयंपाकघर, तिथे पसारा असायचाच, असं त्यांचं मत. पण रोज चार वाजता टॅब स्वतःच्या मर्जीनं तो कच्चा पसाराच वर कार्यालयाला पाठवतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रशिक्षकानं ते सांगितलं होतं म्हणे, पण ते अकराव्यांदा मित्र म्हणण्याच्या आसपास असावं, आणि तोवर बाईंनी कान मिटले होते.

आता ते टॅब जाणार होते. हेडसरांना काळजी कागदाची होती. बाईंच्या डोळ्यांपुढे मात्र एकट्या दीडओळीची वही होती. चार महिन्यांत तिची बावीस पानं भरली होती, आणि प्रत्येक पान आधी बोलून, मग गाळून आलं होतं. हाताला नुकतं चालता यायला लागलं होतं. आता काठी काढून घेतली तर मुलगी परत पूर्णविराम देऊन हात बांधून बसेल, हे बाईंना पत्रातल्या शिक्क्याइतकं स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी हेडसरांच्या छपाईयंत्रावर सगळे खर्डे छापून घेतले आणि पिशवीत घालून घरी नेले.

बाईंचे यजमान विमा कंपनीत दावे तपासायचे. समोर आलेला प्रत्येक कागद खोटा आहे असं धरून चालायचं, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्यांनी जेवणाच्या टेबलावर खर्डे पत्त्यांसारखे मांडले आणि लाल पेन्सिल घेतली. पलीकडे सासूबाई पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"हा काय विषय होता?" यजमानांनी विचारलं.

"आमच्या घरातलं एक काम."

"हं." त्यांनी पहिला कागद मोठ्यानं वाचला. "'माझे काका पंक्चर काढतात. ते ट्यूब पाण्यात बुडवतात. मग बुडबुडे येतात. मागच्या बाकावर काय चाललंय. बुडबुडे आले की तिथे भोक असतं.'" ते थांबले. "ह्या काकांच्या दुकानात बाक आहे का?"

"असेल. पुढे वाचा."

"'आई बाळाला अंघोळ घालते. बाळ आधी शहाण्यासारखं बसतं. मी पाठ फिरवली की झालं सुरू. मग सगळीकडे पाणी.'"

"ह्यात काय चुकलंय?" सासूबाई म्हणाल्या. "बाळं अशीच असतात."

यजमानांनी तिसरा कागद घेतला, चौथा घेतला. लाल पेन्सिल फिरायला लागली. शिंप्याच्या घरात 'खिडकी लाव रे कोणीतरी'. माळ्याच्या बागेतही 'खिडकी लाव रे कोणीतरी'. नवव्या कागदानंतर त्यांनी उरलेले भराभर चाळले, पेन्सिल खाली ठेवली आणि बायकोकडे बघितलं.

"अगं, ह्या सगळ्या घरांत एक बाई आहे."

"कसली बाई?"

"कुठे दिसत नाही, पण आहे. सगळ्यांना हुकूम सोडते. 'एकदा सांगितलेलं कळत नाही का?' हे तिचं आवडतं. एकतीस घरांत हे वाक्य आहे." ते जरा थांबले. "आपलं धरून बत्तीस."

बाईंनी कागद ओढून घेतला. वाचला. दुसरा वाचला. कान तापत गेले.

बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासाठीच घडलेला होता. सव्वीस वर्षांत तो ओसरी, जिना, आणि वारा अनुकूल असेल तर शेजारच्या बेकरीपर्यंत पोचायला लागला होता. मुलं टॅबला काका, आई, बाळ सांगत होती. टॅब बिचारा जे ऐकेल ते लिहीत होता. आणि बाई वर्गाच्या मध्यावर उभ्या राहून शिस्त राखत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. नक्कल पकडण्यात हयात गेली, आणि जिची नक्कल झाली ती वस्तू त्यांच्याच तोंडात.

"मी चष्मा न लावता ओळखलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही गप्प बसा."

"हे बघ, बत्तिसावा दावा सिद्ध झाला," यजमान म्हणाले. "आता हे काय करायचं तुझं तू ठरव. पण एक सांगतो." त्यांनी खर्ड्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "लाल खुणा सोडून जे उरतं ना, त्यात मला एकही खोटं वाक्य सापडलं नाही. माझ्या नोकरीत हे कधी झालेलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवणारा पोरगा तिथे उभा राहून बघून आलाय."

ह्या माणसानं लग्नाच्या फोटोतही फोटोग्राफरच्या हिशोबाची शंका काढली होती. पण मग त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत सूप दोनदा गरम करावं लागलं, कारण यजमान एकेक खर्डा परत वाचून दाखवत होते, आणि आता पेन्सिल हातात नव्हती.

दुसऱ्या दिवशी हेडसर सगळं ऐकून घेऊन खुर्चीत मागे रेलले. त्यांना मोकळं मोकळं वाटत होतं.

"सोपं आहे. 'तांत्रिक बिघाड' लिहून टाका. बिघाडाला कोणी जबाबदार नसतं."

"बिघाड लिहिला की ते दुरुस्तीला नेतात, सर. नऊ वर्षांपूर्वी आपला प्रोजेक्टर गेला. अजून त्याची तब्येत सुधारलेली नाही."

"मग काय लिहिणार?"

बाईंनी लिहिलेला कागद पुढे सरकवला. त्यावर तीन वाक्यं होती. 'सारखी वाक्ये माझी आहेत. मी वर्गात मोठ्याने बोलते. मुलांनी कोणाचीही नक्कल केलेली नाही.'

हेडसरांनी कागद उलटा करून मागे काही आहे का ते बघितलं.

"असं कोणी खरं लिहितं का खुलाशात? आणि एवढं छोटं! ह्यात 'उपरोक्त' नाही, 'नम्र विनंती' नाही. आणि तुमची फाईल कायमची, बाई. उद्या बढतीची वेळ आली आणि कोणी उघडली, तर पहिल्या पानावर काय? 'मी मोठ्यानं बोलते.'"

"बोलते ना पण."

"ते सगळ्यांना माहीत आहे. लेखी कशाला?"

तो कागद गेला. तीन वाक्यांच्या खुलाशाची कार्यालयाला सवय नव्हती. त्यात काहीतरी डाव असणार असं वाटून शुक्रवारी साहेब स्वतः आले.

साहेबांनी सात वर्षं शिकवलं होतं आणि एकोणीस वर्षं तपासलं होतं. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही खोलीत शिरलं की आधी छताकडे, मग कोपऱ्यांकडे आणि शेवटी माणसांकडे बघायची सवय लागली होती. त्यांच्या हातात त्यांचा वेगळा टॅब होता. वर्गातल्या पडद्यांवर त्या क्षणी जे असेल त्याच्या साम्याचा आकडा त्यावर लगेच उमटायचा.

"मला खुलासा नको, प्रयोग हवा," साहेब म्हणाले. "आत्ता, माझ्यासमोर, मी देईन तो विषय. मुलांनी ह्याच खोलीत बसायचं. जिन्याखाली वगैरे नाही. आणि बाई, तुम्ही वीस मिनिटं एक शब्द बोलायचा नाही."

"शक्य नाही," हेडसर म्हणाले, आणि मग खोकल्यासारखं करून खिडकीबाहेर बघू लागले.

"टॅब राहणार का जाणार, ते ह्याच्यावर ठरेल," साहेब म्हणाले. मग फळ्यावर त्यांनी विषय लिहिला : स्वच्छतेचे महत्त्व.

एकतीस तोंडं बाईंकडे वळली. बाईंनी ओठ घट्ट मिटून मान हलवली. शेवटी पंक्चरवाल्या काकांच्या पुतण्यानं साहेबांनाच विचारलं, "हे कोणाच्या घरचं सांगायचं?"

"घरचं कशाला? स्वच्छतेचं महत्त्व सांगायचं."

"हो, पण कोणाच्या घरी?"

साहेबांनी खडू खाली ठेवला. "सांगा आपापल्या घरचं," ते म्हणाले, आणि वर्ग टॅब ओठांशी धरून कुजबुजायला लागला.

पुढची वीस मिनिटं बाईंच्या आयुष्यातली सगळ्यात लांब मिनिटं होती. खिडकी आपटली. बाईंच्या घशाशी वाक्य आलं आणि त्यांनी ते गिळलं. मागच्या बाकावर दोघांची कोपरांवरून ढकलाढकली झाली. बाईंनी हातातल्या खडूचे दोन तुकडे केले, मग चार केले. ढकलणारे दोघं ओरडा पडायची वाट बघून बघून शेवटी आपणच थांबले. एकानं दुसऱ्याला खुणेनं विचारलं, बाईंना बरं नाही का?

आणि तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

कार्यालयात आयुष्य गेलेल्या माणसाला फोनवर हळू बोलणं जमत नाही. पलीकडचा माणूस दुसऱ्या गावात आहे तर आवाजही तिथवर गेला पाहिजे, अशी त्यांची भाबडी समजूत असते. "कोणती फाईल?" साहेब वर्गाच्या मधोमध उभे राहून म्हणाले. "कपाटाच्या मागे पडली असेल! जरा वाकून बघा. अहो, जरा वाकून बघा! वाकायला काय होतं तुम्हाला? आम्ही नाही का वाकलो इतकी वर्षं?"

फोन खिशात गेला. बाईंनी साहेबांकडे बघितलं, मग एकतीस टॅबकडे बघितलं, आणि सगळं कळून खडूचे आठ तुकडे केले. बोलायची बंदी होती.

वेळ संपली. साहेबांनी आपला टॅब पुढे धरला. अठ्ठेचाळीस टक्के.

"मागच्या वेळेपेक्षा जास्त," ते म्हणाले. आवाजात खेद होता आणि थोडं समाधानही. त्यांनी जवळच्या मुलाचा टॅब उचलला. "'आमच्याकडे केर दादा काढतो. तो पलंगाखालचा काढत नाही. जरा वाकून बघा. वाकायला काय होतं तुम्हाला.'" ते थबकले. दुसरा टॅब घेतला. तिसरा घेतला. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. हेडसर खिडकीबाहेरच बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी मुलांसारखं बोट वर केलं.

"बोला," साहेब म्हणाले.

"साहेब, पाठ अर्धाच झालाय. हे नुसतं बोलणं झालं. आता मुलं काढतील."

"काय काढतील?"

"त्यांचं नाही ते."

बाईंनी वर्गाकडे वळून फक्त मान हलवली, आणि एकतीस माना खाली गेल्या. कुजबुज थांबली होती. बोटं पडद्यावर सरकत होती, थांबत होती, परत मागे येत होती. साहेब रांगांमधून फिरायला लागले. एका बाकाशी ते वाकले.

"हे वाक्य का काढलंस?"

"ते तुमचं आहे."

"कशावरून?"

"माझ्या दादाला कोण 'तुम्हाला' म्हणतं?" पोरगा म्हणाला. "त्याला सगळे 'तुला'च म्हणतात."

पलीकडची मुलगी वर न बघता म्हणाली, "साहेब, तुम्ही ते वाकायचं तीनदा बोललात. मी तीनदा काढलं."

"आणि हे काय काढतेयस? हे तर तुझंच आहे. 'स्वच्छता फार महत्त्वाची आहे.'"

"ते मी म्हणाले, पण मला त्यातलं काही दिसत नाही. ओला बोळा दिसतो. तो ठेवलाय."

साहेबांच्या हातातला आकडा उतरत होता. एकतीस. एकोणीस. नऊ. एकोणीस वर्षांत त्यांनी पुष्कळ मुलांना लिहिताना बघितलं होतं. लिहिलेलं इतक्या शांतपणे टाकून देताना एकालाही बघितलं नव्हतं. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिले नंबर बघितले, बक्षिसं बघितली, जिल्ह्याभरात नाव झालेली अक्षरं बघितली. पण हे असं, नऊ वर्षांच्या पोरानं स्वतःच्या वाक्याला 'तू माझं नाहीस' म्हणून दार दाखवणं, ह्याच्यापुढे ते सगळं बाईंना एकदम फडताळातल्या कपबश्यांसारखं वाटलं. शोभेचं, आणि फारसं न वापरलेलं.

आकडा शून्यावर आला.

"पण एका टॅबवर ते वाक्य अजून आहे," साहेब म्हणाले. त्यांना ते भिंतीकडच्या दुसऱ्या बाकावर दिसलं होतं. "हिनं काढलेलं नाही. तरी साम्य शून्य कसं?"

"बाकीच्या तिसांनी टाकून दिलं ना," बाई म्हणाल्या. "आता ते फक्त तिच्याकडे आहे."

दीडओळी वर बघायला तयार नव्हती. साहेबांनी वाकून तिच्या खांद्यावरून वाचायला सुरुवात केली. आधी मोठ्यानं.

"'माझी आई एका ऑफिसात साफसफाई करते. टेबलाच्या खालच्या बाजूला लोक च्युइंगम चिकटवतात. ते वरून दिसत नाही. आई म्हणते, वरून सगळी टेबलं सारखी, खालून बघितलं की माणूस कळतो. एकदा आई एका टेबलाखाली होती. तेवढ्यात साहेब येऊन खुर्चीत बसले. त्यांचे पाय आईच्या फडक्यावर पडले. साहेब फोनवर ओरडत होते. जरा वाकून बघा, वाकायला काय होतं तुम्हाला.'"

पुढचं साहेबांनी मनात वाचलं. वर्गात फक्त खिडकीचा आवाज येत होता, आणि ती लावायला कोणीही सांगितलं नाही.

"हे मी बोललो होतो," साहेब म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली. "मी आधी काढलंच होतं. मग परत आणलं. तिथे कोणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि हे बरोबर बसलं."

"तुझ्या आईच्या ऑफिसातले साहेब काय बोलले होते?"

"आई म्हणाली, तिला आठवत नाही. पाय आठवतात."

हेडसर घाईघाईनं पुढे आले. "साहेब, लहान आहे हो, तिला काय कळतं..."

"सर," बाई म्हणाल्या. आवाज हळूच होता, पण हेडसर जागच्या जागी थांबले. "तिला कळतं."

साहेब सरळ झाले. बाईंच्या टेबलाशी जाऊन त्यांनी शेऱ्याची वही ओढली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. आधी सवयीनं आठ ओळी लिहिल्या. मग जरा बघत राहिले आणि वरच्या पाच ओळींवर एक रेघ मारली. उरलं ते असं : 'साम्याचे कारण वर्गातील मोठी माणसे. टॅब ह्याच वर्गाकडे राहावेत. यापुढे मुलांनी गाळून झाल्यावरच लेखन तपासावे.' खाली सही केली.

हेडसरांनी ते तीनदा वाचलं. "'उपरोक्त' राहिलं," ते पुटपुटले, पण कोणी लक्ष दिलं नाही.

निघताना साहेब परत दुसऱ्या बाकाशी आले.

"हे पान मला दे. कार्यालयात वाचून दाखवतो सगळ्यांना."

असं मागणं कोणाला आलं नव्हतं. हेडसर मागून हातानं, मानेनं, भुवयांनी, जे जे हलवता येईल ते हलवून 'दे, दे' अशी खूण करत होते.

मुलीनं टॅब छातीशी धरला. "आज नाही देता येणार."

"का?"

"शेवट झालेला नाही. साहेबांनी पाय उचलला की नाही, ते मी अजून ठरवलं नाही. उचलला तर आई उठेल. नाही उचलला तर तिला तिथेच राहावं लागेल. दोन्ही लिहून बघणार आहे मी."

साहेबांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी 'दे गं' म्हटलं असतं तर मुलीनं लगेच दिलं असतं. कार्यालयात वर्गाचं नाव झालं असतं, फाईलवर एक चांगला कागद चढला असता. बाईंनी हात मागे बांधले.

"वेळ लागेल, साहेब," त्या म्हणाल्या. "ती झालं म्हणाली की पाठवते."

साहेबांनी मान डोलावली आणि ते तसेच, रिकाम्या हातानं, जिना उतरून गेले. वर्गात दीडओळीनं टॅब परत बाकावर आडवा ठेवला, बाही वर सारली आणि शेवटच्या वाक्यावर बोट टेकवलं.